ढोबळी मिरची, मध्यम कट

सासूबाई दुकानात शिरल्या तेव्हा जावयाच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली एका गिऱ्हाइकाचा गळा होता. त्यामुळे नको नको म्हणायला त्याला हात हलवता आला नाही. तेवढ्या वेळात सासूबाईंनी दर्शनी काचेजवळच्या बाकावरून दोघांना उठवलं, बाक फडक्याने पुसलं आणि मागून येणाऱ्या लेकीला म्हणाल्या, "ठेव इथे. ऊन बघ कसं पडलंय!"

लेकीने, म्हणजे सलूनवाल्याच्या बायकोने, मातीने भरलेले ट्रे बाकावर मांडले.

"हे काय?" वस्तरा गळ्यापासून लांब नेत त्याने विचारलं.

"ढोबळी मिरची," सासूबाई म्हणाल्या. "अजून वर आली नाही. येईल."

हा निर्णय घरात आदल्या दिवशीच झाला होता. या घरातले निर्णय सलूनवाल्याला कळत असत, विचारले जात नसत. झालं होतं असं, की सासूबाई राहत पलीकडच्या गल्लीत, आणि थंडी ओसरायला लागली की दरवर्षी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोपं तयार करत. यंदा त्या खिडकीसमोर नवी इमारत उभी राहिली आणि उजेड बंद झाला. आता उजेड कुठे भरपूर? जावयाच्या सलूनमध्ये. समोर आख्खी काच, दोन्ही भिंतींना आरसे. सूर्य एकदाच उजेड टाकी आणि आरसे तो दिवसभर एकमेकांना देत बसत. शिवाय गरम टॉवेलच्या यंत्राची ऊब होतीच. मिरचीच्या बाळंतपणाला याहून चांगली खोली मिळाली नसती.

आणि हे सगळं कशासाठी, तर वसंत सुरू झाला की नगरपालिकेच्या बागेत रोपांचा मेळा भरे. ज्याची रोपं पहिली येत, ती बागेच्या फाटकाजवळच्या वाफ्यात लावली जात आणि येणारे-जाणारे वर्षभर ती बघत. तो मान दरवर्षी जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मिळत होता. सासूबाई दरवर्षी दुसऱ्या येत. दुसऱ्या नंबरच्या रोपांचं काय करतात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"किती दिवस राहणार हे इथे?" सलूनवाल्याने बायकोला हळूच विचारलं.

"मेळ्यापर्यंत. रोपं गेली की बाक मोकळं."

"आणि मेळ्याआधी मेली तर?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांना ऐकू येऊ नये म्हणून बोललेलं सगळं त्यांना नीट ऐकू येई. "मेली तर काळजी करू नका, जावईबापू. बी पुष्कळ आहे माझ्याकडे. पुन्हा पेरू. मेळा चुकला तर चुकला, पण रोपं करायचीच."

हे ऐकलं आणि सलूनवाल्याने मनात हिशेब केला. रोपं मेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे बाक मोकळं करून घ्यायचं तर एकच वाट होती: रोपं जगवायची, वाढवायची आणि वाजतगाजत घालवायची. नको असलेल्या पाहुण्याची इतकी सेवा आजवर कोणी केली नसेल.

कोंब वर आले तशा सासूबाईही दुकानात वर आल्या, म्हणजे सकाळी येऊन बसायच्या ते थेट संध्याकाळपर्यंत. तोवर या सलूनवाल्याला सगळा रस्ता 'मास्टर' म्हणत असे. पण सासूबाई दिवसभर "जावईबापू, ट्रे फिरवा", "जावईबापू, पाणी खालच्या ताटलीत घाला, वरून नको" असा धोशा लावत, आणि गिऱ्हाइकांच्या कानांना काय, चांगलं ते लगेच लागतं. आठवडा उलटायच्या आत बस डेपोतले ड्रायव्हरसुद्धा खुर्चीत बसून म्हणू लागले, "जावईबापू, मागून जरा बारीक करा." जावईबापूंनी सुरुवातीला डोळे वटारले. मग नाइलाजाने ओ द्यायला लागले, आणि आपणही आता त्यांना तेच म्हणू.

दुकानाचे नियम बदलले. स्प्रे मारायचा तर रस्त्यावर जाऊन. पावडर झटकायची तर आतल्या भिंतीकडे तोंड करून. रोपं उजेडाकडे झुकतात म्हणून ट्रे रोज उलटे फिरवायचे. आणि रोज थोडा वेळ हेअर ड्रायरचा गार वारा द्यायचा, कारण सासूबाईंचं म्हणणं असं, की वारा लागला नाही तर रोपं लेचीपेची निघतात, खोड जोर धरत नाही.

"आई, गिऱ्हाइकाचं डोकं ओलं आहे. ड्रायर लागतोय मला."

"त्यांचं काय, ते मोठे आहेत. वाळतील आपोआप."

गिऱ्हाईक बिचारं टॉवेल गुंडाळून वाळत बसे. एक खरं, रोपं मात्र झकास आली. ठेंगणी, गडद हिरवी, पानं कशी तुकतुकीत. मेळ्यासाठी सासूबाईंनी एक ट्रे निवडला आणि त्यातल्या रोपांकडे त्या अशा बघत, की जावईबापूंची बायको एकदा म्हणालीच, "माझ्याकडे कधी बघितलं नाहीस गं असं."

अपघात झाला तो वकीलसाहेबांमुळे. निदान जावईबापूंचं अजूनही तेच म्हणणं आहे.

वकीलसाहेब दुकानाचे जुने गिऱ्हाईक. केस कापून घ्यायचे, मग डाय लावून घ्यायचे आणि डाय चढेपर्यंत खुर्चीत बसून कोर्टातल्या गोष्टी सांगायचे. त्या दुपारी सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. जाताना मेळ्याचा ट्रे त्यांनी आरशापुढच्या फळीवर ठेवून घेतला होता, कारण तिथे त्या वेळी ऊन येई. वकीलसाहेबांच्या डोक्यावर डाय चढत होता. जावईबापूंचे हात रिकामे होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जावईबापूंचं तोंड आणि हात ही दोन स्वतंत्र खाती होती. गोष्ट रंगली, की तोंड गोष्टीकडे जाई आणि हात आपलं काम करत राहत. असे हजारो केस त्यांनी न बघता कापले होते आणि कुणाची तक्रार नव्हती.

"तर दोघे भाऊ," वकीलसाहेब डोळे मिटून सांगत होते, "आणि मध्ये एक भिंत. धाकटा म्हणतो, भिंत माझ्या हद्दीत आहे."

"आणि थोरला?" जावईबापूंनी कंगवा उचलला.

"थोरल्याने काय करावं? धाकटा गावाला गेला तेवढ्यात भिंतच हलवली."

"भिंत हलवली?" कच. "अहो, भिंत काय कपाट आहे का?" कच, कच.

"पाडली आणि एक वीत पलीकडे नवी बांधली. वर जुनाच रंग दिला."

"कमाल आहे! मग?" कच, कच, कच.

"मग मी विचारलं, कॅलेंडरचा खिळा कुठाय? जुन्या भिंतीला खिळा होता. नव्या भिंतीला नव्हता!"

"वा! वा, वकीलसाहेब!" असं म्हणून जावईबापूंनी कात्री मिटली, मऊ ब्रशने कापलेलं झटकलं, एका बाजूला गोळा केलं आणि सवयीने हातआरसा उचलून मागे धरला. "बघा, बरोबर आहे ना?"

हातआरशात मिरच्या दिसत होत्या.

कडेची रोपं आखूड, मधली जराशी उंच. कुठे पान वर नाही, कुठे खाली नाही. सगळ्यांचे शेंडे गेले होते. मध्यम कट होता आणि, खोटं कशाला बोला, फार सुरेख झाला होता.

जावईबापू मटकन स्टुलावर बसले. "मेलो."

वकीलसाहेबांनी एक डोळा उघडला आणि लगेच मिटला. "मी काही पाहिलेलं नाही."

"तुमच्यासमोर एवढा मोठा आरसा आहे!"

"म्हणूनच मिटला."

"पुन्हा पेरतील हो त्या! पुन्हा ट्रे, पुन्हा ड्रायर, पुन्हा जावईबापू! त्यापेक्षा सरळ सांगून टाकतो. म्हणतो, चूक झाली, पाया पडतो."

"वेडे आहात का?" आता मात्र वकीलसाहेबांनी दोन्ही डोळे उघडले. "कबुली ही शेवटची पायरी. आधी संशयित कोण होऊ शकतो ते बघायचं." त्यांनी दुकानभर नजर फिरवली. "उंदीर."

"माझ्या दुकानात उंदीर नाही!"

"त्यासारखं उत्तम काही नाही. म्हणजे तो उलटतपासणीला येणार नाही. शिवाय दुकानात उंदीर आहे म्हटल्यावर त्या ट्रे इथे ठेवतील का? आजच्या आज घरी नेतील. तुमचं बाक मोकळं."

हा मुद्दा जावईबापूंना एकदम पटला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर उंदराचा मिळाला होता.

सासूबाई आल्या. नवा चष्मा व्हायचा होता, म्हणून त्यांनी जुनाच नाकावर ठीक केला आणि ट्रेवर वाकल्या.

"हे कोणी केलं?"

"उंदराने!" जावईबापू आणि वकीलसाहेब एकदम म्हणाले. ज्यांनी काही पाहिलेलं नव्हतं, त्यांचा आवाज जरा मोठा होता.

"उंदराने," सासूबाई म्हणाल्या. मग आणखी खाली वाकल्या. "कडेला आखूड केलंय आणि मध्ये ठेवलंय."

"उंदरांचं काही सांगता येत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"एक रोप उपटलं नाही. खालची पानं जशीच्या तशी. आणि तोडलेले शेंडे खाल्ले नाहीत, कोपऱ्यात गोळा करून ठेवलेत. स्वच्छ आहे हो उंदीर."

त्यांनी एका कापलेल्या टोकावर बोट ठेवलं. जावईबापूंना वाटलं, आता या रडणार. त्यांना खरोखर वाईट वाटलं. इतकं, की सत्य अगदी ओठांवर आलं. पण ओठांवरून त्यांनी दुसरंच वाक्य काढलं. "आई, इथे धोका आहे. ट्रे हलवू या का? मी घरापर्यंत आणून देतो. आत्ताच."

"ट्रे कशाला हलवायचे?" सासूबाई ताठ झाल्या. "उंदीर हलवू. आणि ही रोपं फुटतात का बघू. नाही फुटली तर पुन्हा पेरायला मी आहेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या त्या काखेत मांजर घेऊन. शेजाऱ्यांचं होतं. रंगाने तपकिरी, अंगाने उशीएवढं, आणि आयुष्यात त्याने उंदीर पाहिला असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. त्याने दुकानाची एक फेरी मारली, सगळ्यात मऊ जागा शोधली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत झोपी गेलं.

"उठवू नका," सासूबाई म्हणाल्या. "ड्युटीवर आहे ते."

"आई, ती गिऱ्हाइकाची खुर्ची आहे. मी माणसं कुठे बसवू?"

"स्टुलावर बसवा. माणसांना कळतं. मुक्या जनावराला कसं सांगणार?"

बँकेतले साहेब स्टुलावर बसले. त्यांना मांजराचं वावडं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनासुद्धा. जावईबापू डाव्या कल्ल्याची रेघ धरत असतानाच साहेबांना पहिली शिंक आली. डावा कल्ला अर्ध्यावर आला. म्हणून उजवा बारीक करायला घेतला, तर दुसरी शिंक. मग पुन्हा डावा. असं करता करता साहेबांच्या तोंडावर कल्ला म्हणून काही उरलं नाही आणि ते तोंड रुमालात धरून बँकेत गेले. त्या आठवड्यात समोरच्या फुटपाथवरच्या सलूनमध्ये गर्दी वाढली. जावईबापूंना आपली ओळखीची डोकी काचेतून तिकडे बसलेली दिसत, आणि काचेपाशी ट्रे असल्यामुळे ती नीट दिसतही नसत.

"तपास बंद करायचा असेल तर मुद्देमाल सादर करावा लागेल," वकीलसाहेबांनी पुढचा सल्ला दिला. ते आता रोजच येऊ लागले होते. हा खटला त्यांना आवडला होता.

"उंदीर कुठून आणू?"

"ते अशिलाने बघायचं."

अशिलाने दुकानभर बघितलं. दुकानात होते फक्त केस. आणि माणूस ज्या धंद्यात मुरतो, त्या धंद्यातूनच त्याची अक्कल चालते. जावईबापूंनी झाडलेल्या केसांमधून एक मूठ उचलली, जेल लावून घट्ट वळली, कंगव्याने विंचरून पाठ काढली, पोट काढलं. बुटाच्या नाडीची शेपटी लावली. मग ते सगळं वर्तमानपत्राच्या कागदावर आडवं घातलं आणि सासूबाई आल्या तेव्हा लांबूनच दाखवलं.

"सापडला! मांजराने मारला. बघू नका आई, तुम्हाला शिसारी येईल."

पण सासूबाईंना कसली शिसारी! त्या सरळ जवळ आल्या, चष्मा सावरला आणि वाकून पाहिलं. "अगं बाई. म्हातारा होता हो बिचारा."

"म्हातारा?"

"मुळाशी पांढरा झालाय. वर काळा आहे तो सगळा डाय."

वकीलसाहेबांचा हात आपोआप आपल्या डोक्याकडे गेला. जावईबापूंनी कागद घाईघाईने गुंडाळला. सासूबाईंनी मांजर उचललं, काखेत मारलं आणि "चल, सुटली तुझी ड्युटी" म्हणत घराकडे निघाल्या. जावईबापू म्हणाले, "फसल्या." वकीलसाहेब म्हणाले, "मला तसं वाटत नाही." पण ते वकील होते, त्यांना कशावरच विश्वास ठेवायची सवय नव्हती.

आता एकच प्रश्न राहिला होता. रोपं फुटणार का? नाही फुटली तर नवी पेरणी, आणि नव्या पेरणीच्या विचारानेच जावईबापूंना घाम फुटे. त्यांनी कंबर कसली. दुकान उघडायच्या आधी वरच्या मजल्यावरच्या घरातून खाली येऊन ते ट्रे उन्हात सरकवत. मातीत बोट घालून ओल बघत. ड्रायरचा वारा देताना दुसरा हात पानांवरून इतका हलका फिरवत, की इतका हलका ते बायकोच्या केसांवरूनही कधी फिरवत नसत. हे तिनेच सांगितलं.

आणि एका सकाळी त्यांना ते दिसलं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक हिरवा ठिपका होता. जिथे एक शेंडा गेला होता, तिथे दोन, कुठे तीन, नवे कोंब डोकावत होते. जावईबापू जिन्याखाली जाऊन ओरडले, "अगं, खाली ये! लवकर ये!"

बायको हातातलं काम टाकून धावत आली. "काय झालं?"

"फुटलं! बघ, बघ, सगळीकडून फुटलं!"

तिने बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. "आपली मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा मी हाका मारून दमले. तुम्ही खालून म्हणालात, गिऱ्हाईक आहे."

त्या दिवसापासून जावईबापू बिघडले. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला आधी ट्रेपाशी नेत. "ही बघा, कालपर्यंत एवढी होती. आज बघा." एखाद्याला घाई असली तर त्यांना तो माणूसच कमी वाटे. मेळा जवळ येत होता आणि रोपं झुडपासारखी गच्च होत होती. फक्त एकच होतं, काही फांद्या जास्त वाढल्या होत्या आणि डावीकडे एक झुबका उंच दिसत होता. हे ज्याला दिसत नाही त्याला दिसत नाही. पण ज्याने उभा जन्म डोकी सारखी करण्यात घालवला, त्याच्या डोळ्यांत ते खुपत राहतं. दोन दिवस त्यांनी मनावर ताबा ठेवला. तिसऱ्या दिवशी दुकानात कोणी नसताना कात्री घेतली आणि तेवढंच, अगदी तेवढंच, बरोबर केलं.

दुपारी सासूबाईंनी ट्रेकडे पाहिलं. "जावईबापू."

"ओ?"

"तो उंदीर मेला होता ना?"

जावईबापूंनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेब वर्तमानपत्रात शिरले.

"त्याचा भाऊ असेल," जावईबापू म्हणाले.

"असेल," सासूबाई म्हणाल्या. "घराण्याचा हात चांगला आहे."

मेळ्याच्या दिवशी बागेत ऊन कोवळं होतं आणि टेबलांवर नुसतं हिरवं हिरवं मांडलेलं होतं. दुकानाला कुलूप लावून जावईबापू स्वतः ट्रे घेऊन आले होते. आता फक्त काही तासांचा प्रश्न होता. नंबर लागो न लागो, ट्रे इथूनच कुणाच्या तरी वाफ्यात जाणार आणि बाक मोकळं होणार, म्हणून ते खूश होते. म्हणजे खूश असायला हवे होते. पण मुख्याध्यापिकाबाईंच्या ट्रेकडे त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती. बाईंची रोपंही बुटकी आणि भरदार होती. नापास मुलांना जशी त्यांनी कधी दया दाखवली नाही, तशीच शेंड्यांनाही दाखवत नसत. पण कापणी वेडीवाकडी होती. जावईबापूंना ते बघवेना.

परीक्षक पोक्त गृहस्थ होते, उभा जन्म रोपवाटिकेत गेलेला. ते सगळ्या टेबलांवरून फिरले आणि सासूबाईंच्या ढोबळ्या मिरचीपाशी थांबले. वाकले. ट्रे फिरवून पाहिला. मग गुडघ्यांवर हात ठेवून ट्रेच्या पातळीवर डोळा आणून बघितलं.

"पहिला नंबर," ते म्हणाले. "यात दुसरं मत नाही. बाई, शेंडे कोणी खुडले हे?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "मी नाही हो. उंदीर लागला होता."

"उंदीर?"

"दोन होते. एक वारला."

आजूबाजूचे लोक हसले, पण परीक्षक हसले नाहीत. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "मंडळी, जवळ या. हे बघा! इतकी वर्षं मी हे काम करतोय. पण प्रत्येक रोप बरोबर पानाच्या वर तोडलेलं, सगळा ट्रे कसा एका घाटात. आणि हे कुणी केलं, तर एका उंदराने! निसर्गाची काय करणी आहे बघा. या उंदराला मी नमस्कार करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उंदरासाठी. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वकीलसाहेबांनी मागून त्यांचा शर्ट धरला. "गप्प राहा. खटला जिंकलाय तुम्ही. ट्रे गेला, बाक सुटलं."

"मी कुठे काय म्हणतोय?" जावईबापू दात आवळून म्हणाले.

"आणि मी तुम्हाला सांगतो," परीक्षकांचा आवाज बागभर घुमला, "इतकी सफाई माणसाच्या हाताला जमणार नाही!"

इथे शर्टाचं बटण तुटलं. वकीलसाहेबांच्या हातात नुसती कॉलर राहिली असती, इतक्या जोरात जावईबापू पुढे झाले.

"माणसाच्या हाताला जमणार नाही? कोण म्हणतं जमणार नाही? मी केलंय ते! या हातांनी! उंदीर कसला, दुकानात उंदीर नाहीच! कंगव्यावर धरून कापलंय, कडेला आखूड, मध्ये भर, आणि मागच्या आठवड्यात डावीकडचा झुबका काढला तोसुद्धा मीच!"

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. आपलं बोलणं आपल्याच कानांवर पडल्यावर जावईबापूंना कळलं आपण काय केलं ते. त्यांनी भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाई हसत होत्या. आवाज न करता, पोट हलवून. "केवढा वेळ लावलात हो," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मांजराची यातायात वाचली असती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचा कट मला माहीत नाही होय? लेकीच्या लग्नापासून बघतेय मी तुम्ही कापलेली डोकी." मग त्यांनी एका रोपावरून बोट फिरवलं. "शेंडा खुडला की रोप भरतं, हे मला काय कळत नव्हतं? पण एवढंसं बी घालायचं, त्याला वर आणायचं आणि मग आपणच त्याची मान तोडायची, ते मला कधी जमलं नाही. दरवर्षी कात्री हातात घ्यायची आणि परत ठेवायची. दरवर्षी दुसरी. तुमच्या हाताने झालं, बरं झालं. मला फार आनंद झालाय, जावईबापू."

जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते पुसून होतं न होतं तोच मुख्याध्यापिकाबाई समोर उभ्या राहिल्या. हातात त्यांचा ट्रे होता.

"डावीकडून उंच राहिलंय ना?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

"उजवीकडूनसुद्धा," जावईबापूंच्या तोंडून गेलं.

"ही राहू देत. घरी वांगी आहेत, उद्या पाठवते." आणि त्यांच्या मागे आणखी कोणी होतं, त्याच्यामागे आणखी कोणी.

दोन दिवसांनी वकीलसाहेब डाय लावायला आले, तेव्हा त्यांना दुकान ओळखू येईना. बाकावर ट्रे होते, बाकाखाली ट्रे होते, आरशापुढच्या फळीवर ट्रे होते, आणि आरशांत पाहिलं तर जिकडे तिकडे नुसती रोपंच रोपं. दारात सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्यांना नंबर देत होत्या. रस्त्याकडची काच म्हणून जी होती, तिच्यातून आता एक बोटभरसुद्धा बाहेरचं दिसत नव्हतं. समोरच्या सलूनवाल्याने म्हणे एक खुर्ची वाढवली होती.

जावईबापू पाठमोरे उभे राहून कात्री चालवत होते. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. वकीलसाहेब थोडा वेळ उभे राहिले. मग खाकरले. मग त्यांनी बॅग जमिनीवर ठेवली आणि टोपी काढून आपलं अर्धं पांढरं डोकं दाखवलं.

"मास्टर, आज जरा घाई आहे. माझा नंबर कधी?"

जावईबापूंनी मागे न बघताच कंगवा झटकला.

"बसा ना, वकीलसाहेब. ही वांगी झाली, की मग टोमॅटो आहेत. त्यांच्यानंतर तुम्ही."